तसलं काय न्हाई

“गूळ बघा, गूळ. बोट लावा आणि जिभेला विचारा, मला विचारू नका.”

रामनगरच्या बाजारातला अप्पांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सहा वर्षांची, गुळाच्या ढेपांमागं पोत्यावर बसलेली. पुढं अप्पा, एका हातात सुरी, दुसऱ्या तळव्यावर गुळाचा खडा. आपल्या मालाचं गुणगान आपणच गायचं, पण असं गायचं की ऐकणाऱ्याला ते त्याच्याच मनात उगवलं असं वाटावं, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. पुढं अक्षरं आली, बेळगावचं कॉलेज आलं, एका जाहिरात कंपनीतली चार वर्षं आली. आता मी परत रामनगरात, अप्पांच्या बंद दुकानाच्या माडीवर बसून तेच करते. मी वेबसाइटचा मजकूर लिहिते.

गणेशगुडीच्या लॉजवाल्यांसाठी लिहिते, राफ्टिंगवाल्यांसाठी लिहिते, कुळगीच्या वाटेवर ज्यांनी घराला घर जोडून पाहुण्यांच्या खोल्या काढल्या त्यांच्यासाठी लिहिते. वाचणारा पुण्यात नाहीतर कोल्हापुरात बसलेला असतो आणि त्याचं बोट मोबाइलवर सारखं वर वर सरकत असतं. ते बोट थांबवायला पहिल्या ओळीला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला ओल्या मातीचा वास आला पाहिजे, चुलीचा धूर डोळ्यांत गेला पाहिजे. गेला, तर तो फोनचं बटण दाबतो. बटण दाबलं की माझं काम संपलं, असं मी समजत होते.

गिरजाक्काच्या बाबतीत ते संपेना.

गिरजाक्का गणेशगुडीच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून दोन मैल आत राहते. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहिलेली शेतकरी माणसं. उतारावर भात, परड्यात कंद, वरती रान. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तो होता तेव्हा त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, लक्ष्मणानं, मिळून घराच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या होत्या, पाहुण्यांसाठी म्हणून. जागा दोघांच्या नावावर. आता लक्ष्मणाला एक रिसॉर्टवाला भेटला होता. दहा वर्षांच्या करारानं खोल्या घेतो म्हणत होता. लक्ष्मणानं वहिनीला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर तिच्याकडं पाहुणे आले तर ठीक, नाहीतर कागदावर सही.

“आणि तुम्ही कुठं जाणार?” मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“मला ठेवणार हायत की. सैपाकाला.” ती तांदूळ पाखडत होती. “माझ्याच चुलीवर मला पगारी.”

सूप थांबलं नाही. पण मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले, आणि ते तिनं उचलले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं की हा मजकूर असा लिहायचा की माणूस रात्रीची झोप टाकून निघेल.

दसऱ्याला वेबसाइट सुरू झाली. “धुकं अंगणात उतरतं तेव्हा गिरजाक्काची चूल पेटलेली असते” अशी पहिली ओळ. मग वाफाळते कंद, शेणानं सारवलेल्या दोन खोल्या, रानातून येणारा पाखरांचा गलका. आणि फोटोखाली, “गिरजाक्काच्या हाताला जी चव आहे ती कुठल्या हॉटेलात मिळत नाही.” लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं. अप्पा खालच्या खोलीत खुर्चीवर होते. म्हणाले, “माल खपला.”

किती जणांनी पान उघडलं, किती वेळ थांबले, किती जणांनी फोनचं बटण दाबलं, हे मला रामनगरात बसून दिसतं. दिवाळीनंतरच्या तीन आठवड्यांत एकेचाळीस जणांनी बटण दाबलं. माझ्या बाकीच्या लोकांकडं दहांनी बटण दाबलं तर चारजण तरी येतात. गिरजाक्काकडं एकेचाळिसातला एकही आला नाही.

दोन आले नाहीत, पाच आले नाहीत, तर नशीब म्हणता येतं. एकेचाळीस म्हटल्यावर मधे कुणीतरी उभं आहे.

मी बसनं गणेशगुडी गाठली, तिथून चालत निघाले. वाटेभर माझ्या डोक्यात लक्ष्मण होता. गिरजाक्काच्या घरात मोबाइलला रेंज मिळत नाही. मिळते ती फक्त गोठ्याच्या पुढच्या खांबापाशी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. म्हणून तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खांबाला टांगलेला असतो. ती शेतात, परड्यात, ओहोळावर. फोन खांबावर. येणारा-जाणारा कुणीही हात वर करून घेऊ शकतो. आणि त्या खांबाखालच्या दगडावर दुपारचं कोण बसतं, हे मी दोनदा पाहिलं होतं.

आजही तो तिथंच होता. मोटारसायकल आंब्याखाली, लक्ष्मण दगडावर, गालात पान.

“या म्याडम. गिऱ्हाईक आणलंत व्हय बरोबर?”

“गिऱ्हाईक फोन करतंय भाऊजी. फोनवरच अडतंय कुठंतरी.”

“अडणारच की. रेंज न्हाई.” तो पिंक टाकायला वळला आणि तसाच वळून राहिला.

गिरजाक्का परड्यातून आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मला बघून हसली, पण रोजच्यासारखं नाही. काहीतरी लपवून ठेवलेल्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसं हसली.

“अक्का, फोन येतात?”

“येत्यात की.”

“मग?”

“बोलत्यात आणि ठेवत्यात.”

“घेतं कोण?”

“जो असंल तो.” तिनं लक्ष्मणाकडं बघितलं नाही. नाही बघितलं ते इतकं ठरवून नाही बघितलं की मला जे कळायचं ते कळलं, असं वाटलं.

मी पिशवीतून फोन काढला आणि आलेल्या फोनांची यादी उघडली. काही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, पण सगळे घेतलेले. एक मिनिट. दीड मिनिट. एक दोन मिनिटांचा. म्हणजे कुणीतरी प्रत्येकाशी बोललं होतं, नीट, वेळ देऊन, आणि एकेकाला दारातून परत पाठवलं होतं. चिडून फोन कापणं वेगळं. हे चिडणं नव्हतं.

निघताना गिरजाक्का वाटेपर्यंत आली. लक्ष्मणाला ऐकू जाणार नाही इतकं लांब आल्यावर म्हणाली, “ते माझ्या हाताचं लिहिलंयस न्हवं, चवीचं. तेवढं पुसून टाक.”

“का?”

“पूस म्हणते तर पूस की बाय.”

“भाऊजी काही बोलले का?”

“त्यो कशाला बोलतोय.” आणि वळली. पाठमोरी असताना तिनं उजव्या हातावर पदर ओढून घेतला.

ती ओळ मी पुसली नाही. उलट माझा संशय पक्का झाला. चांगली ओळ कुणाला नकोशी होते? ज्याला खोल्या रिकाम्या हव्यात त्यालाच. तिच्या तोंडून त्यानं हे वदवून घेतलं असणार.

चार दिवसांनी गणेशगुडीच्या चहाच्या टपरीवर लक्ष्मण एकटा सापडला. मी आडपडदा ठेवला नाही.

“वहिनींचा फोन तुम्ही घेता. फोन करणाऱ्यांना नको म्हणून सांगता.”

त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, “मी फोनला हात लावला तर वैनी माझा हात कोयत्यानं तोडंल. इचारा कुणालाबी.”

“मग घेतं कोण?”

“मला कशाला इचारताय. मला खोल्या पायजेत, ते मी तोंडावर सांगितलंय तिला. चोरून कशाला करू?” तो उठला. “तुमी तुमचं लिवणं तपासा म्याडम. एवढं गोड लिवल्यावर माणसाला वास येतोय. माझ्या पोरानं, सूरजनं, वाचून दाखवलं मला. माझंच घर मला वळखू येईना.”

चहावाला हसला. मीही हसले, पण बसमध्ये बसल्यावर ते हसू तोंडात कडू झालं. खरंच मजकुरात खोट दिसत असेल? धुकं, चूल, वाफ, पाखरं. हे सगळं तिथं आहे, मी पाहिलंय. पण मी तेच धुकं आणखी चौघांच्या वेबसाइटवर घातलं होतं, तीच पाखरं दोघांच्या. लोक फोनवर एकच प्रश्न विचारत असतील: लिहिलंय तसं खरंच आहे का? आणि पलीकडून काय उत्तर जात असेल?

माडीवर पोचताच मी बेळगावच्या पूजाला फोन लावला. पूजा आणि मी त्या जाहिरात कंपनीत शेजारी बसायचो. तिला म्हटलं, पाहुणी म्हणून फोन कर, आणि बोलणं रेकॉर्ड करून पाठव.

दुसऱ्या दिवशी ते आलं. मी खिडकी लावून घेतली आणि ऐकलं.

“बोला.” आवाज लक्ष्मणाचा नव्हता.

“तुमची वेबसाइट बघितली. आम्ही दोघी आहोत, दोन दिवस यायचं होतं. खोल्या रिकाम्या आहेत ना?”

“हायत.”

“जेवण फार छान असतं असं लिहिलंय.”

“तसलं काय न्हाई वो. भात असतोय, आमटी असती. कंद उकडतो. आमी खातो तेच.”

“आणि खोल्या?”

“खोल्या म्हंजे… भिंती हायत. वर कौलं हायत.”

“फोटोत तर खूप सुंदर दिसतात.”

“फोटोत दिसतंय तसं. फोटोवर जाऊ नगा.”

“बरं… मग यावं की नको?”

मागं गायीच्या गळ्यातलं लोढणं खडखडलं.

“तुमी शेरातली माणसं. येऊन हिरमोड झाला म्हंजे? बघा बाय, तुमचं तुमी.”

खाली पूजानं लिहिलं होतं: तुझी बाई तुझ्याच मुळावर उठलीय.

त्या रात्री मला लक्ष्मणाचं बोलणं आठवलं आणि वाटलं, हे दोघं आतून एक आहेत. हिला सही करायचीच आहे. लोकांनी बोल लावू नये म्हणून मला मधे उभं केलंय, की बघा, वेबसाइट केली होती, कुणी आलंच नाही. सूप, सांडलेले तांदूळ, पगारी चूल, सगळं मला नाटक वाटायला लागलं. ज्या माणसासाठी आपण शब्दांना शब्द जोडत बसलो त्याच्यावर असा संशय येतो तेव्हा आपलीच जीभ आपल्याला परकी लागते.

सकाळी पहिल्या बसनं गेले. गिरजाक्का अंगणात कंद निवडत होती.

“अक्का, फोन तुम्हीच घेता.”

“मग कोण घेणार?”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस घेतं कोण. मी काय बोलते ते कुठं इचारलंस?”

“तुम्ही लोकांना सांगता इथं काही नाही म्हणून.”

“काय न्हाई असं कवा म्हटलं? भिंती हायत म्हटलं. न्हाईत व्हय भिंती?”

ती खरंच विचारत होती. मी तिच्या समोर बसले. तिच्या हातातला कंद माझ्या डोक्याएवढा होता. आणि मला एकदम आठवलं, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं कंद केवढा होतो, तर तिनं मूठ मिटून दाखवली होती. तिच्या घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा म्हणाली होती, “काय न्हाई, दोन घास हायत, बस.” आणि केळीचं पान भरून वाहिलं होतं. मला वाटलं होतं, बोलायची रीत. रामनगरात आम्हीही म्हणतो तसं, आणि मग दुसऱ्या वाक्यात फुशारकी मारतो. हिचं दुसरं वाक्य कधी आलंच नव्हतं.

“आपल्या तोंडानं आपलं चांगलं म्हणू नये,” ती म्हणाली. “शेतात पीक भरलं तरी आमी म्हणतो, हाय तेवढं. भरलं म्हटलं की डुकरं येत्यात.”

“आणि हाताचं का पुसायचं?”

तिनं पदर मागं सारला. मनगटापासून वरपर्यंत कातडी आवळलेली, गुळगुळीत.

“लग्न होऊन आले त्या साली. पंगत बसली हुती. सासू चार माणसांत म्हणाली, सुनेच्या हाताला चव हाय. मायेनंच म्हणाली बिचारी. आठ दिवस झाले न्हाईत, उकळत्या पेजेचं भांडं हातावर आलं.” तिनं पदर परत ओढला. “तवापासनं ह्या घरात तसं कोण बोललं न्हाई. नवरा पण न्हाई. ताट पुसून उठायचा. आणि तू ते लिवून साऱ्या जगाला दाखवलंस. त्या दिवसापासनं मी चुलीपुढं भीत भीत बसते.”

मी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत, वह्याच्या वह्या. त्यांत बाई भावाच्या वाड्याचं कौतुक करते, आईच्या दाराचं करते, देवाच्या पायरीचं करते. आपल्या घरावर, आपल्या हातावर गायलेली ओवी माझ्या वह्यांत एकही नाही. हे मी आजवर पाहिलं कसं नव्हतं, याची मला लाज वाटली.

“पण अक्का, तुम्ही नाही म्हटलंत तर सांगायचं कुणी?”

“खाणारा सांगतोय. खाऊन उठल्यावर.”

“तो येईल तेव्हा ना.”

ती कंदाची माती खरवडत राहिली. पण तिचा चेहरा पडला. मुदत तिलाही मोजता येत होती.

रामनगरला येऊन मी सगळा मजकूर पुसला. धुकं पुसलं, पाखरं पुसली, चव सगळ्यात आधी पुसली. दोन दिवस लागले, आणि उरल्या त्या एवढ्याच ओळी:

“हे साधं घर आहे. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर कौलं. गिरजाक्का जे खाते तेच जेवायला मिळतं. फोन गोठ्याच्या खांबाला टांगलेला असतो आणि ती शेतात असते, म्हणून लगेच उचलला नाही तर पुन्हा लावा. कंद केवढा होतो असं विचारलंत तर ती मूठ दाखवील. येऊन बघा.”

अप्पांना वाचून दाखवलं. “ह्यात तू काय विकलंस?” म्हणाले.

फोन कमी झाले. पण पान उघडणारे आता लवकर निघून जात नव्हते. वाचत होते, पुन्हा वर जाऊन वाचत होते. पौष लागला. सातजणांनी बटण दाबलं, एकही आला नाही. आता तिनं त्यांना काय सांगितलं हे मी विचारत नव्हते. माझाच माझ्या कामावरचा भरवसा उडाला होता.

भोगीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं गेले, ते निरोप घ्यायला जावं तशी. लक्ष्मण ओट्यावर बसला होता. मांडीवर करार, खिशाला पेन. आज पान नव्हतं गालात.

“वैनी, उद्या सण. आजच करून टाकू.”

“हात धुते,” गिरजाक्का म्हणाली. अंगण सारवत होती ती. उठली, आणि खांबावरचा फोन वाजला.

हात शेणाचे. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून फोन काढला, स्पीकर लावला आणि तिच्या तोंडापुढं धरला.

“बोला.”

“नमस्कार. मी शकुंतला, गडहिंग्लजहून बोलतेय. तुमचं वाचलं वेबसाइटवर. सोमवारी यावं म्हणते, आईला घेऊन.”

“साधं घर हाय आमचं,” गिरजाक्का म्हणाली.

“हो, वाचलंय ते.”

“मातीच्या भिंती हायत.”

“तेही वाचलं.”

“आमी खातो तेच…”

“सगळं वाचलंय मी मावशी. चार वेळा वाचलंय.” पलीकडची बाई थांबली. “आई तीन महिन्यांच्या दुखण्यातून उठलीय. जेवणावर वासना नाही तिची. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. एकदाच नेता येईल मला तिला कुठंतरी. म्हणून सरळ विचारते. साधं चालेल. पण चांगलं आहे का?”

गिरजाक्कानं माझ्याकडं बघितलं. ओठांनी, आवाज न करता म्हणाली, तू सांग.

मी सांगू शकले असते. अप्पांची मुलगी मी. असं सांगितलं असतं की बाईनं आजच गाडी काढली असती. पण त्या बाईला माझं नको होतं. माझं तिनं चार वेळा वाचलं होतं. मी नाही अशी मान हलवली.

लक्ष्मण ओट्यावरून उठून खाली उतरला. वहिनीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

“हॅलो? ऐकू येतंय ना?”

“येतंय.” गिरजाक्काचे शेणाचे हात अंगापासून लांब, वाऱ्यात धरल्यासारखे. भाजलेल्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. “आईंस्नी काय खाववतं?”

“काहीच नाही हो. दोन चमचे खाल्लं की पुरे म्हणते.”

“पेज खाईल.”

“नाही खात. घरी करून बघितली.”

“माझी खाईल.” ती खाकरली, आणि बोलायला लागली ते सावकाश, एकेक शब्द पारखून खाली ठेवावा तसं. “चांगलं हाय. घर चांगलं हाय. उगवतीच्या खोलीत ऊन लवकर येतं, आईंस्नी तिथं निजवू. घेऊन या तुमी त्यास्नी. मी चांगलं रांधते, बाय. आजवर कुणाला हे सांगितलं न्हाई. तुमाला सांगते.”